तयारीतले हात

२४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि पोलंडच्या सरहद्दीवर मेदिका नाक्याशी रांगा लागू लागल्या. पहिल्या तीन आठवड्यांत तीस लाखांहून अधिक माणसं युक्रेन सोडून निघाली. त्यांतली निम्म्याहून जास्त पोलंडमध्ये आली. अठरा ते साठ वयाच्या पुरुषांना देशाबाहेर पडायला मनाई होती, म्हणून येणाऱ्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. सरहद्दीजवळच्या प्शेमिशलच्या रेल्वे स्टेशनवर आणि पुढे वॉर्साच्या स्टेशनांवर जे लोक त्यांच्या मदतीला उभे राहिले, त्यांत गळ्यात स्कार्फ बांधलेली स्काउट मुलं-मुलीही होती.

यंदाचा अंक 'आसरा' या विषयाला वाहिलेला आहे. आसरा म्हटलं की राजे, सरकारं, करार आठवतात, आणि आतल्या पानांत ते सगळं येईलच. आम्हाला सुरुवात या मुलांपासून करावीशी वाटली.

घर सोडून आलेल्या बाईला पहिल्या तासात काय हवं असतं? गरम चहा, बाळाचे लंगोट, फोन चार्ज करायला जागा आणि पुढची गाडी कोणत्या फलाटावरून सुटते ते सांगणारं कोणीतरी. तिला रांगेत उभं राहता यावं म्हणून तिच्या मुलाला तेवढा वेळ रमवणारंही कोणीतरी. स्काउटांनी हीच कामं केली. सामान उचललं, कपड्यांचे ढीग मापांप्रमाणे लावले, सँडविच बांधली, जमिनीवर बसून चित्रं रंगवली. एकट्यादुकट्या बायकामुलांना गाडीत बसवून भलतीकडे नेणाऱ्यांची भीती त्या दिवसांत फार होती. अनोळखी देशात कोणावर विश्वास ठेवावा, या प्रश्नाला गणवेशातली सोळा वर्षांची मुलगी हे बऱ्यापैकी भरवशाचं उत्तर होतं.

ही मुलं भावनेच्या भरात धावली असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. भावना सगळ्यांनाच होती. पण उघड्यावर रात्र काढायची, पन्नास माणसांचं जेवण रांधायचं, प्रथमोपचार करायचे, दमलेल्या साथीदाराची पाळी आपण घ्यायची, हे त्यांनी शिबिरांत वर्षानुवर्षं केलेलं होतं. संकटाच्या दिवशी शिकवायला वेळ नसतो.

पोलिश स्काउटिंगची सुरुवात झाली ती १९११ साली, ल्वूफ शहरात. आंद्झेई माउकोव्स्की नावाचा एक तरुण एका गुप्त राष्ट्रीय संघटनेच्या कवायतीला उशिरा पोचला आणि शिक्षा म्हणून त्याला स्काउटिंगचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्या पुस्तकाचा अनुवाद करायला लावलं, अशी हकिकत पोलिश स्काउट आजही सांगतात. तेच ल्वूफ आज युक्रेनमधलं ल्विव्ह आहे. युक्रेनियन स्काउटांची 'प्लास्त' ही संघटनाही त्याच शहरात, त्याच सुमारास उभी राहिली. पुढे या शहरासाठी दोन्ही समाज एकमेकांशी लढले, दुसऱ्या महायुद्धात वोलिनमध्ये युक्रेनियन बंडखोरांनी हजारो पोलिश गावकऱ्यांची कत्तल केली. ती जखम पोलंडमधल्या कित्येक घरांत अजून ओली आहे. अशा घरांतून आलेल्या मुलांनी ल्विव्हहून आलेल्या गाडीचा दरवाजा उघडला, हे आम्हाला त्या सगळ्या कहाणीत सर्वांत मोठं वाटतं.

कोल्हापूरकरांना इथे शेजारचं वळिवडे आठवलं असेल. १९४० आणि ४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने ल्वूफच्या परिसरातून आणि पूर्व पोलंडमधून लाखो माणसं उचलून सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकली. त्यांतली काही हजार इराणमार्गे भारतात पोचली. १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित वळिवड्याच्या छावणीत राहिले. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, आणि स्काउटांची पथकंही होती. सगळं गमावून आलेल्या लोकांनी मुलांना पुन्हा पथकात उभं केलं. ते गेल्यावर त्याच बराकींत फाळणीने उखडलेले सिंधी आले आणि आजचं गांधीनगर वसलं. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे; ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिलं.

या कौतुकात एक गोष्ट लपवू नये. २०२१ च्या शरदात त्याच पोलंडच्या दुसऱ्या सरहद्दीवर, बेलारूसच्या बाजूला, इराक-सीरियाहून आलेली माणसं जंगलात अडकून पडली होती आणि त्यांना परत ढकललं जात होतं. २०२२ मध्ये युक्रेनच्या नाक्यांवर आपले वैद्यकीचे विद्यार्थीही थंडीत तासन् तास, काही तर दिवसेंदिवस, रखडले. त्यांत मराठी मुलंही होती. आसरा देतानाही माणसं चेहरे पाहतात. मुलांना तयार करायचं तर समोर येईल त्याच्यासाठी तयार करावं लागेल, नाहीतर ते शिक्षण अपुरं राहील.

आपल्याकडे भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संघटना १९५० पासून आहे. त्याआधी मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांनी सेवा समितीच्या स्काउटांना यात्रेकरूंच्या सेवेला उतरवलं होतं. आज पुष्कळ शाळांत स्काउटिंग म्हणजे प्रजासत्ताक दिनाचं संचलन आणि प्रमाणपत्र, एवढंच उरलं आहे, याचं वाईट वाटतं. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेली तेव्हा तरुणांची कमतरता मुळीच नव्हती. दोर कसा बांधायचा, पाणी कसं शुद्ध करायचं, निवाऱ्यात मुलांना कसं सांभाळायचं हे आधी शिकलेले किती होते, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना आपण क्लासच्या वेळापत्रकात इतकं गुंतवून ठेवलं आहे की खरी जबाबदारी त्यांच्या वाट्याला येतच नाही. ती पेलण्याची ताकद त्यांच्यात आहे, याबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नाही.

तेव्हा पालकांना आणि शिक्षकांना एक विनंती. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की मुख्याध्यापकांना भेटा. पथक आहे का, विचारा. असेल तर ते वर्षातून किमान एकदा मुक्कामी शिबिराला जाईल आणि प्रथमोपचार शिकेल असं पाहा. नसेल तर सुरू करायला सांगा, आणि शिकवायला कोणी मिळत नसेल तर आपण स्वतः वेळ द्या.

— संपादक