गोळी अनुदानाची, खोली कोंदट

१८९६ला मुंबईत प्लेग आला. रोग कोंदट घरांत वाढतो, एवढं इंग्रज सरकारलाही उमगलं आणि १८९८ला बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. (त्यानं आधी गरिबांचीच घरं पाडली, तो हिशेब वेगळा.) बाबासाहेब परळच्या ज्या बीआयटी चाळीत राहिले, ती याच ट्रस्टची.

आज गोवंडी-मानखुर्दला आमची माणसं टीबीनं खंगतात. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड इथल्या पुनर्वसनाच्या इमारती इतक्या खेटून, की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही. या घरांचा आणि टीबीचा संबंध डॉक्टर्स फॉर यू आणि आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी २०१८लाच मांडलाय. मग हे नकाशे मंजूर कुणी केले?

ग्लोबल फंडापासून सीएसआरपर्यंतच्या अनुदानातून तपासणी होते, गोळ्या मिळतात. हव्याच त्या. पण अहवालात रुग्ण मोजतात, खिडक्या नाही. निक्षय पोषणचे महिना १००० रुपयेही त्याच अंधाऱ्या खोलीत येतात. प्रोजेक्ट संपला की घरोघर फिरणारी आमची पोरं बेकार, इमारत तशीच.

मित्रांनो, शिबिरात सतरंज्या घालणं पुरे. मजला, रुग्ण आणि खिडकीसमोरच्या भिंतीचं अंतर, इमारतवार लिहून काढू. तो कागद घेऊन एम-पूर्व वॉर्ड ऑफिसला आणि एमएमआरडीएला जाऊ.