साक्याची किंमत कोणी मोजावी?

चैत्र-वैशाखात वाशीच्या फळबाजारात हापूसच्या पेट्यांची रीघ लागते. पेटी उघडावी, वरचा थर पाहावा आणि भाव ठरवावा, ही तेथील रीत. हापूसचा सर्वांत मोठा दोष मात्र या परीक्षेत सापडत नाही. बाहेरून निर्दोष, घमघमणारे फळ कापल्यावर आतील गर पांढुरका, भुसभुशीत व आंबट निघतो. हाच साका.

साका म्हणजे साठवणुकीत फळ सडणे नव्हे. तापलेल्या जमिनीची उष्णता आणि झाडावर प्रमाणाबाहेर पक्व होऊ दिलेले फळ, ही त्याची कारणे संशोधकांनी दाखविली आहेत. याच बाजारात येणाऱ्या काश्मीर-हिमाचलच्या सफरचंदांवर शीतगृहात उमटणारे कडू डाग हेही झाडावर असताना फळाला कॅल्शियम कमी पडल्याचे चिन्ह असते. दोष दिसतो गोदामात, जन्मतो बागेत. तेव्हा नुसती शीतगृहे बांधून तो टळणार नाही. उलट, अति थंडीने हापूसला निराळीच इजा होते.

उपाय अज्ञात नाहीत. झाडाखाली आच्छादन घालावे, चौदा आणे तयार फळ उन्हापूर्वी देठासह उतरवावे आणि ते तापल्या जमिनीवर न ठेवता ताबडतोब सावलीत न्यावे. परंतु यासाठी मजुरी पडते. ती सोसणाऱ्या बागायतदाराची पेटी आणि हयगय करणाऱ्याची पेटी एकाच भावाने विकली जात असेल, तर काळजी घ्यावी कोणी? खरेदीदाराला दोष दिसत नसेल तर निकृष्ट माल उत्कृष्ट मालाला बाजारातून हुसकावतो, हे जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले. हापूसच्या पेटीची गोष्ट वेगळी नाही.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९८१ मध्ये नीलम व हापूस यांच्या संकरातून साकामुक्त ‘रत्ना’ दिला. तथापि ग्राहकाचे मन हापूसच्या नावातच गुंतलेले आहे. त्या नावाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. पण मानांकन प्रदेश सांगते, निगा सांगत नाही.

म्हणून प्रत्येक पेटीवर बागेचे नाव व तोडणीची तारीख असावी, बाजार समितीने नमुन्याची फळे कापून साक्याची नोंद ठेवावी आणि ती बागायतदारापर्यंत पोहोचवावी. निगा भावात दिसू लागली, तरच ती बागेत टिकेल. अन्यथा साक्याची किंमत ग्राहक आज पैशाने मोजतो, ती कोकण उद्या आपल्या लौकिकाने मोजील.