साहस आणि भय

भीती ही माणसाची उपजत भावना आहे. चित्रपट तिचा उपयोग दोन निरनिराळ्या रीतींनी करतात. कौटुंबिक साहसपटात भीती ही वाटेतली नदी असते. ती ओलांडून मुले पलीकडे पोहोचतात. खूनसत्रांवर बेतलेल्या भयपटांच्या पुढच्या भागांत मात्र या नदीला पैलतीरच नसतो.

बंगळूरु हे कन्नड चित्रपटसृष्टीचे केंद्र. या सृष्टीतील दिग्दर्शक राजेंद्रसिंग बाबू यांनी १९७७ मध्ये 'नागरहोळे' आणि १९८१ मध्ये 'सिंहद मरि सैन्य' हे मुलांचे साहसपट दिले. दुसऱ्या नावाचा अर्थ 'सिंहाच्या छाव्यांची सेना'. सेना एकट्याची नसते. संकटात एकमेकांचा हात धरणे, हाच साहसपटाचा खरा विषय होय. साहसाला अरण्यच लागते असेही नाही. परेश मोकाशी यांच्या 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४) या मराठी चित्रपटात पंढरपूरची मुले लाडकी सायकल विकली जाऊ नये म्हणून कार्तिकीच्या यात्रेत बांगड्यांचे दुकान मांडतात. गरिबीला न घाबरता मार्ग शोधणे हेही साहसच.

याउलट 'फ्रायडे द थर्टीन्थ' ही अमेरिकी मालिका पाहा. १९८० ते १९८९ या काळात तिचे आठ चित्रपट आले. पुढचा भाग काढायचा, तर खुनी परतलाच पाहिजे. मग आधीच्या भागात कुणी दाखवलेले धैर्य व्यर्थ ठरते. पात्रांची ओळख पटण्याआधीच ती मारली जातात आणि प्रेक्षक माणसांऐवजी मृत्यू मोजू लागतो. माझा आक्षेप रक्ताला नाही, या मोजदादीला आहे.

यावर कुणी म्हणेल, 'भयपट ही करमणूक आहे. तिला नीतीचे माप कशाला?' हा प्रश्न रास्त आहे. भयपट हीन असतो, असे मीही म्हणत नाही. जॉन कार्पेंटर यांच्या 'हॅलोविन'ने (१९७८) फारसे रक्त न दाखवता प्रेक्षकांना श्वास रोखायला लावले. महेश कोठारे यांनी तर 'झपाटलेला'मध्ये (१९९३) खुनी बाहुल्याच्या कथेला विनोदाची जोड दिली. ही कल्पना 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) या अमेरिकी भयपटाची. परंतु लक्ष्मीकांत बेर्डे यांचा अभिनय आणि रामदास पाध्ये यांचा बोलका बाहुला यांमुळे ती आपल्याकडे घरातील सर्वांनी मिळून पाहण्याजोगी झाली. भय तेच, हाताळणी निराळी.

चित्रपट कोणत्या वयासाठी आहे, हे प्रमाणपत्र सांगते. २०२४ च्या नियमांनी 'यूए' वर्गात ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे केले. तथापि, मूल हातात मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसते, तेव्हा दारावर तिकीट तपासणारा कुणी नसतो. तेथे घरातील वडीलधाऱ्यांनाच जागे राहावे लागते. नुसती बंदी घातल्याने कुतूहल वाढते. त्यापेक्षा मुलांसोबत बसून चित्रपट पाहावा आणि संपल्यावर एकच प्रश्न विचारावा : 'यातल्या कुणाची तुला काळजी वाटली?' उत्तरात एखाद्या पात्राचे नाव आले, तर तो चित्रपट मुलाला काही देऊन गेला असे समजावे. केवळ किती जण मेले एवढेच आठवत असेल, तर पुढचा भाग न पाहिल्याने काहीही बिघडणार नाही.