स्ट्रॉबेरी आणल्याआणल्या धुऊ नका

महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी घरात आली की चाळणीत ओतायची, नळाखाली धरायची, देठ खुडायचे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवायची. दोन दिवसांत डब्याच्या तळाशी लाल पाणी साचतं, वर राखाडी लव दिसू लागते. मग ‘फळच नाजूक, त्याला कोण काय करणार’ म्हणत निम्मी पेटी कचऱ्यात जाते. फळावरचा हा ठपका मला मुळीच मान्य नाही. ते नाजूक आहे हे खरं. पण ते इतक्या लवकर नासतं ते आपण घातलेल्या पाण्याने.

धुण्याच्या बाजूने मोठा मुद्दा स्वच्छतेचा. माती, फवारणी, वाटेत लागलेले हात. असं फळ न धुता ठेवायचं कसं? शंका रास्त आहे. पण न धुता खा, असं कोण म्हणतंय? खायच्या वेळी धुतलं तरी घाण तेवढीच निघते. आधी धुतलं की ओल तेवढी मागे राहते, बियांच्या खळग्यांत आणि देठाच्या पानांखाली. बोट्रायटिस ही राखाडी बुरशी अशाच ओलीवर फोफावते. तिची लागण पुष्कळदा फुलातच झालेली असते आणि फळ पिकेपर्यंत ती दबून राहते. नळाचं पाणी तिथवर पोचतच नाही. फ्रिजच्या थंडीतही ती वाढते, फक्त सावकाश. मळ्यातही फळ देठासकट खुडून कोरडंच पेटीत भरतात, ते उगाच नव्हे.

एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग पाण्यात फळं धुऊन मग ठेवायची, या उपायाला माझा विरोध नाही. अमेरिकी लेखक हॅरॉल्ड मॅगी यांनी २००९मध्ये सुचवलेली, सुमारे ५२ अंशांच्या पाण्यात ३० सेकंदांची बुडीही बुरशीला रोखते. मात्र दोन्हींनंतर एकेक फळ खडखडीत कोरडं करायला हवं, आणि नेमका तिथेच कंटाळा केला जातो.

कच्ची आणली तर बाहेर ठेवून पिकेल, ही समजूतही सोडा. आंबा आढीत पिकतो; खुडलेली स्ट्रॉबेरी फार तर लाल होईल, गोड होणार नाही.

म्हणून पेटी आली की आधी ताटात पसरा. बुरशीचं फळ टाका, त्याला टेकलेली उलटून पाहा. चेपलेली, रस सुटलेली त्याच दिवशी दुधात किंवा साखरेत घाला. उरलेली देठासकट, न धुता, पसरट डब्यात कागदी रुमालावर एका थरात मांडा. झाकण किंचित उघडं ठेवा, नाहीतर फळांचाच दमटपणा आत कोंडतो. कागद ओलसर लागला की बदला. खाताना हवी तेवढीच काढा आणि देठ असतानाच धुवा; आधी देठ काढला तर जखमेतून पाणी आत शिरतं नि चव पांचट होते. चार-पाच दिवसांत संपणार नाहीत असं वाटलं, तर ती मात्र धुऊन, पूर्ण कोरडी करून, देठ काढून ताटलीत सुटी सुटी गोठवा आणि मग पिशवीत भरा.