टेपचं दुसरं टोक

घर वाढवायला निघालेल्यांना आणि शेजारच्या वाढीव बांधकामाने वैतागलेल्यांना, दोघांनाही माझी एकच विनंती आहे. अर्ज लिहायच्या आधी मोजा, आणि मोजताना समोरच्याला बोलवा.

नगरपालिकेच्या बांधकाम विभागात मी तीस वर्षं काढली. तक्रार-अर्जांवर विषय ठरलेला असायचा, ‘अनधिकृत बांधकामाबाबत’. आत वाचत गेलं की गाडी कुठे लावायची, टाकी कुणाची वाहते, मुलीच्या लग्नाची पत्रिका का आली नाही, असं सगळं निघायचं. कार्यालयाला यातल्या कशाचंच काही करता येत नाही. त्याच्यापुढे प्रश्न दोनच असतात : मंजूर नकाशात काय आहे आणि जागेवर काय आहे.

एक पाहणी अजून आठवते. रो-हाउसची रांग. एकाने बाजूच्या मोकळ्या जागेत स्वयंपाकघर वाढवलेलं, वर स्लॅब आणि स्लॅबला छज्जा. पावसाळ्यात त्या छज्ज्याच्या पागोळ्या शेजाऱ्यांच्या अंगणात पडायच्या. तिथल्या कोब्यावर शेवाळाची हिरवी रेघच उमटली होती. मी टेप काढला. एक टोक तक्रारदारांना दिलं, दुसरं ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्यांना. आठ महिन्यांत ते दोघे इतक्या जवळ पहिल्यांदाच उभे राहिले असावेत. नकाशात बाजूचं अंतर ५ फूट होतं. कंपाउंडपासून भिंत भरली २ फूट १० इंच. तक्रारदारांचा चेहरा खुलला.

पण सामासिक अंतर प्लॉटच्या हद्दीपासून मोजतात, कंपाउंडपासून नाही, आणि कंपाउंड हद्दीवर असतंच असं नाही. भूमी अभिलेखची हद्द कायम मोजणी झाली तेव्हा कंपाउंडच ९ इंच सरकलेलं निघालं, तेही स्वयंपाकघर वाढवणाऱ्याच्या प्लॉटमध्ये. स्वयंपाकघर तरीही नियमात बसत नव्हतंच. मात्र आता एकट्याचंच चुकलंय असं राहिलं नव्हतं. शिवाय वर तक्रारदारांच्या गॅलरीला स्लायडिंग खिडक्या बसलेल्या होत्या, त्या कुठल्या नकाशात होत्या? म्हणून सांगतो, अर्ज टाकण्याआधी आपल्या गॅलरीकडे एकदा मान वर करून बघा.

मंजूर नकाशाची प्रत माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर मागता येते. ती हातात नसताना ‘बेकायदा’ हा शब्द वापरू नका. आतल्या आत फरशी बदलली, ओटा फोडला, प्लॅस्टर केलं, तर साधारणपणे परवानगी लागत नाही. हातोड्याचा आवाज येतो हा काही नगररचनेचा गुन्हा नाही.

नकाशाबाहेरचं काम खरंच चालू असेल आणि बोलून ते थांबत नसेल, तर मात्र उशीर करू नका. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये चालू काम थांबवायला कलम ५४ आहे आणि झालेलं काढायला लावायला कलम ५३. पहिलं सोपं, दुसरं महाकठीण. कॉलम उभे असताना आलेला अर्ज आणि वास्तुशांत झाल्यावर आलेला अर्ज यांत केवढा फरक असतो, ते आम्ही रोज बघत होतो. जोडून सुट्ट्या गाठून स्लॅब टाकणारे हे चांगलं ओळखून असतात. तारखेसह फोटो आणि लेखी अर्जाची पोच, एवढं जपून ठेवा. फोनवरची तक्रार म्हणजे वाऱ्यावरची वरात.

बांधणाऱ्यांनीही ‘एकदा झालं की कोण पाडतंय’ या भ्रमात राहू नये. कितीही वर्षं गेली, कितीही पैसा ओतला, तरी तेवढ्यामुळे बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सांगितलं आहे. त्याच्या महिनाभर आधी, १३ नोव्हेंबरला, त्याच न्यायालयाने पाडण्यापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यायला लावली. रस्ता, फुटपाथ अशा सार्वजनिक जागांना ती सवलत नाही. नोटीस आली तर ती ड्रॉवरमध्ये टाकू नका. नियमात बसण्यासारखं असेल तर मुदतीत बांधकाम कायम ठेवण्याचा अर्ज करता येतो. वकिलाआधी वास्तुविशारदाकडे जा.

लोक सर्वात जास्त गोंधळतात ते एका ठिकाणी. परवानगी मिळाली म्हणजे हद्दीचा वाद मिटला असं होत नाही, आणि परवानगी नाही म्हणून ती जागा तुमची ठरत नाही. हद्द, वाट, उजेड, वारा हे दिवाणी न्यायालयाचे विषय. खिडकीतून २० वर्षं विनाअडथळा उजेड-वारा येत असेल तर सुविधाधिकार अधिनियम, १८८२ तुमच्या बाजूने उभा राहू शकतो. पण खोलीत जरा अंधार वाटतो, एवढ्याने भागत नाही, भरीव नुकसान दाखवावं लागतं. दावा लावण्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे वादपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीचा अर्ज करून बघा. तिथे तडजोड झाली तर तिला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नाही.

बांधणाऱ्यांना अजून एक. नकाशा कार्यालयात देण्याआधी शेजाऱ्याच्या टेबलावर पसरा. त्यांची संमती लागते म्हणून नव्हे. पाणी कुठे उतरेल, खिडकी कुणाच्या न्हाणीघरासमोर येईल, परांची कुठे बांधायची, हे कागदावर असताना खोडता येतं.

त्या रो-हाउसवाल्यांचं पुढे काय झालं? भिंत मागे घ्यावी लागली, ओटा आखूड झाला, छज्ज्याला पन्हळ लागली आणि पाणी त्यांच्याच बाजूला उतरलं. गॅलरीच्या खिडक्याही निघाल्या. कंपाउंड मात्र दोघांनी हलवलं नाही. ९ इंच कुणाचे ते एका कागदावर लिहून खाली दोघांनी सह्या केल्या, आणि त्या कागदाची एक प्रत माझ्या फायलीला लावून घ्या म्हणून दोघे मिळूनच कार्यालयात आले.