घोड्याला गुळाची चव

गाढवाला गुळाची चव काय, असे आपण बिनदिक्कत म्हणून मोकळे होतो. वर्गात ही म्हण समजावून देताना गेली वीस वर्षे मी स्वतःची गणना चव कळणाऱ्यांत करीत आलो आहे. गाढवाने या बाबतीत आपली बाजू कधी मांडली नाही, म्हणून म्हण टिकली. घोड्याबद्दल मात्र मी आता शपथेवर सांगू शकतो. त्याला गुळाची चव कळते, फार लवकर कळते, आणि एकदा कळली की गूळ घेऊन येणाऱ्याच्या चपलांचा आवाजसुद्धा कळतो. फराळाची ताटे पुढे घेऊन बसलेल्या वाचकांना गोडाविरुद्ध चार शब्द ऐकवणे शिष्टाचाराला धरून नाही, हे मी जाणतो. पण ते शब्द तुमच्यासाठी नाहीत, चकली संपली की लाडवाकडे खुशाल वळा.

हे ज्ञान मला आमच्या गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली बांधलेल्या पांढऱ्या घोडीने दिले. तिचे मालक चाचा. सारी गल्ली त्यांना चाचाच म्हणते. माझी आईदेखील, आणि ती त्यांच्याहून सहा वर्षांनी वडील आहे. चाचांच्या वडिलांचा टांगा होता, स्टेशन ते शहागंज. टांगे गेले, रिक्षा आल्या. मलिक अंबरने 1610 साली खडकी वसवली तेव्हापासून या गावाने निजामशाहीच्या, मोगलांच्या, पुढे छावणीतल्या रिसाल्यांच्या टापा ऐकल्या. त्या आमच्या छत्रपती संभाजीनगरात घोड्याला आता एकच काम उरले आहे: नवरदेवाला मारुतीच्या देवळापर्यंत नेऊन सुखरूप परत आणणे. बाकीचे घोडे चौकातल्या पुतळ्यांचे. त्यांना दाणा लागत नाही.

ही घोडी चाचांनी सारंगखेड्याच्या यात्रेत घेतली. तापीच्या काठी दत्तजयंतीच्या सुमारास तो घोडेबाजार भरतो. घोडी दिसायला देखणी होतीच, पण तिचा खरा गुण वेगळा. बँडचा ढोल कानाशी वाजो की पायाशी फटाक्यांची माळ लागो, ती डोळे अर्धे मिटून उभी राहते. या धंद्यात अशा स्वभावाला सोन्याची किंमत आहे. (अशा स्वभावाला शिक्षकी पेशातही किंमत असायला हरकत नव्हती.)

अशा गुणी जनावराचे लाड कोण करणार नाही? आमची कन्या शाळेतून येताना रोज गुळाचा खडा देई. समोरचे निवृत्त कारकून सकाळी दोन बिस्किटे देत. गुरुवारी कोणी पेढा, शनिवारी कोणी मारुतीचा प्रसाद. मी संध्याकाळी फिरायला निघताना स्वयंपाकघरातून काहीतरी खिशात टाकीत असे. गुळाचा डबा महिन्याच्या मध्यालाच तळ दाखवू लागला, तेव्हा हिने चौकशी केली. मी कन्येकडे बोट दाखवले, कन्येने माझ्याकडे. दोघांचेही खरे होते.

त्यातच चाचांनी घोडीचा दाणा बदलला होता. पूर्वी ते तिला चंदी घालीत. चंदी म्हणजे घोड्याचा दाणा, बहुतेक भिजवलेला हरभरा. तो ज्या पिशवीत भरून तोंडाला बांधतात तो तोबरा. आपण पानाचा तोबरा भरतो तेव्हा घोड्याचीच नक्कल करीत असतो, हे किती जणांच्या ध्यानात येते कोण जाणे. पण हरभरा रात्री भिजत घालायचा, सकाळी निवडायचा, वाळलेले गवत झटकून घ्यायचे, ही सगळी कामे. चाचांचा मुलगा वाळूजला कारखान्यात लागला आणि हाताखाली कोणी उरले नाही. तेव्हा दुकानातून तयार खुराकाचे पोते आले. पोते फोडले की गोड, खमंग वास सुटे. घोडी बादलीचे बूड चाटून पुसून ठेवी. चाचा खूष, घोडी खूष, आणि गल्लीला वाटले की जनावराचे दिवस पालटले.

पालटले खरे. गेल्या वर्षी आषाढात लग्ने थांबली आणि घोडी खुंट्याला उभी राहिली. पावसाने हिरवे गवत माजले होते, ते भारे भारे येत होते. पोते चालू, गूळ चालू, चालणे तेवढे बंद. श्रावण लागला आणि एका सकाळी घोडी जागची हलेना. पुढचे पाय लांब पुढे ताणलेले, सारा भार मागच्या पायांवर, जणू कोणी तिला तापल्या तव्यावर उभे केले आहे.

इथे माझी विद्या कामाला आली. घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडले, हे कोडे मराठी शिकलेल्या प्रत्येकाला पाठ असते, आणि त्याचे एकच उत्तर: न फिरवल्यामुळे. मी ते चाचांना ऐकवले, अर्थासह. “चाचा, दोन महिने उभी आहे, पाय आखडले असतील. फिरवा तिला.” चाचांच्या मनात नव्हते. पण सर सांगताहेत, आणि शिवाय कोड्यात सांगताहेत, म्हणून त्यांनी लगाम धरला. घोडी गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. कशी आली ते मी लिहीत नाही. जिला फटाके हलवू शकत नव्हते ती घोडी त्या दिवशी कण्हत होती.

दुपारी सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी खुरांना हात लावला, खुरे गरम होती. घोट्यामागची नाडी पाहिली, मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला: “हिला चालवले कोणी?” चाचांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही.

डॉक्टरांनी जे समजावले ते मला चाळिशी उलटल्यावर प्रथमच कळले. घोडा गवत खातो, गायही गवत खाते, म्हणून दोघांचे पोट एकच असे आपण धरून चालतो. गाईच्या पोटाला चार कप्पे. तिच्या पोटात जाणारे पहिल्या मोठ्या कप्प्यात आंबते, आणि साखरेचा फडशा तिथले सूक्ष्म जीवच पाडतात. घोड्याचे जठर शरीराच्या मानाने अगदी लहान, दहा-बारा लिटरांचे, म्हणजे एका बादलीएवढे. ते दिवसाचे चौदा-सोळा तास थोडे थोडे गवत चघळण्यासाठी केलेले आहे. गवत आंबवण्याची त्याची भट्टी जठराच्या पुढे, मोठ्या आतड्यात असते. भरमसाट दाणा किंवा गोड खाल्ले की न पचलेला भाग तिथपर्यंत पोचतो, भट्टी आंबट होते आणि विष रक्तात उतरते. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात गेलेले परत येण्याची वाट नाही. शिवाय नुसत्या साखरेनेही, माणसासारखाच, घोड्याच्या रक्तात बिघाड होतो. सुस्त आणि लठ्ठ घोड्याच्या तर हमखास. आणि या सगळ्याचा फटका बसतो कुठे, तर पायाला. खुराच्या आत हाडाला धरून ठेवणारे नाजूक पापुद्रे असतात, ते सुजतात. सूज वाढली तर हाड जागचे फिरते, आणि मग घोडा पुन्हा कामाला येईलच असे नाही.

“अशा घोड्याला बळेच चालवणे म्हणजे ते पापुद्रे ओरबाडणे,” डॉक्टर म्हणाले. मी कडुनिंबाकडे पाहत होतो.

पोत्यातला तो खमंग वास मळीचा होता. काकवी आणि मळी यांत लोक घोटाळा करतात. गुऱ्हाळात गूळ होण्याआधी उतरवतात ती काकवी. साखर कारखान्यात दाणेदार साखर काढून घेतल्यावर जो काळा, चिकट राब उरतो ती मळी. एक टन उसामागे ती 40 किलोंच्या आसपास निघते आणि तिच्यात अजून निम्म्याला निम्मी साखर असते. तिची दारू होते आणि तिचा पशुखाद्यातही उपयोग होतो. पेंड-कोंड्याची धूळ बसते, गोळी बांधली जाते, वास येतो आणि जनावर तोंड लावते. जायकवाडीचे पाणी आल्यापासून गोदाकाठी ऊस वाढला, कारखाने झाले, तेव्हा आमच्या भागात मळीला तोटा नाही. गाईम्हशींना ती बेताने चालते. गल्लीतल्या खुंट्यावर चार महिने स्वस्थ उभ्या असलेल्या घोडीला नाही.

मी थोडा वाद घालून पाहिला. अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत शाही तबेल्यातल्या घोड्यांचा शिधा नोंदवला आहे, त्यात दाण्याबरोबर तूप आहे आणि साखरही आहे. हे मी चाचांना सांगितले. चाचा खुरावर पाण्याची धार धरून बसले होते. म्हणाले, “सर, अकबर बादशाहाचे घोडे काबूलपर्यंत जात असतील. माझी मारुतीपर्यंत जाते.”

मग मला दुसरा कागद आठवला, जो मी दरवर्षी शिकवतो. 1673-74 च्या सुमारास शिवछत्रपतींनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना पाठवलेले पत्र. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, असे बजावणारे पत्र म्हणून आपण ते ओळखतो. पण ते मुळात घोड्यांच्या वैरणीबद्दल आहे. पावसाळ्यासाठी दाणा-गवत साठवले आहे, ते आत्ताच मनाला येईल तसे उधळाल तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. रात्री दिवा जळत ठेवाल, उंदीर वात पळवील, गवताला आग लागेल. इतके बारीक लक्ष. वीस वर्षे मी त्यातली भाषा शिकवीत होतो. राजाला पागेत रोज किती गवत लागते याची काळजी आहे, हे मला घोडी आजारी पडल्यावर दिसले. त्या पावसाळी छावणीतल्या घोड्यांची अडचण उपासाची होती, आमच्या घोडीची अजीर्णाची. हिशेब दोन्हीकडे हवा होता.

डॉक्टरांनी तो घालून दिला. घोडी 350 किलोंची धरली, शंभराला दीड या प्रमाणे रोज सव्वापाच किलो वाळलेले गवत, मारवेल किंवा पवन्या, आणि तेही चार-पाच वेळा वाटून, कारण पोट फार काळ रिकामेही राहता कामा नये. गवत तासभर पाण्यात बुडवून ठेवायचे आणि ते पाणी ओतून टाकायचे. गवतातली साखर त्याबरोबर जाते. हिरवे बंद, पोते बंद, हरभरासुद्धा बंद. पायांखाली जाड वाळू. आणि गूळ? डॉक्टरांनी जमलेल्या गल्लीकडे एकदा पाहिले. गल्लीने माना खाली घातल्या.

पण माना घालणे निराळे आणि हात आवरणे निराळे. कन्येने पुठ्ठ्यावर ‘घोडीला काहीही देऊ नये’ अशी पाटी लिहून झाडाला लावली. बिस्किटवाले कारकून म्हणाले, एकाने काय होते? पोळ्याच्या दिवशी आईने पुरणपोळी केली आणि दरवर्षीप्रमाणे एक घोडीसाठी बाजूला काढली. कन्या दारात आडवी उभी राहिली. “मुक्या जनावराला सणाच्या दिवशी नाही कसे म्हणायचे ग?” आई म्हणाली. तिचा आवाज कापला. तिच्या माहेरी बैल होते. शेवटी पोळी चाचांच्या घरी गेली, आणि घोडीला आईने वाळल्या गवताची पेंढी घातली. तिला वाटले घोडी तोंड फिरवील. घोडीने फिरवलेही. दुसऱ्या दिवशी खाल्ली.

दिवाळीपूर्वी चाचा आणि मी मोंढ्यात गेलो. अक्षरे वाचायला मी, पारख करायला चाचा. दुकानदार म्हणाला, “गोड नसेल तर जनावर तोंड लावणार नाही, गुरुजी.” इंग्लंड-अमेरिकेत घोड्यांचा खुराक ‘मळीविना’ असे पोत्यावर ठळक छापून विकतात. आधी मळी घालण्याचे श्रम, मग न घालण्याची जाहिरात. आमच्याकडे पोत्यावर बारीक अक्षरांत जे असेल ते, नसेल ते नाही. चाचांची परीक्षा सोपी होती. मूठभर घ्यायचे, दाबायचे, सोडायचे. गोळा राहिला आणि बोटे चिकटली तर पोते परत. मी एका पोत्यावर मोनेन्सिन हे नाव वाचून दाखवले. ते गाईगुरांच्या आणि कोंबड्यांच्या काही खाद्यांत घालतात आणि घोड्याच्या हृदयाला ते घातक आहे, हे डॉक्टरांनी लिहून दिले होते. आम्ही पोत्यांचा नाद सोडला. थोडे जव घेतले, जवस घेतले (ते शिजवूनच द्यायचे), खडेमीठ घेतले. तेही पाय सुधारल्यावर, डॉक्टर सांगतील तेवढेच.

तुळशीचे लग्न झाले, मुहूर्त निघाले. चाचांनी घेतलेल्या सुपाऱ्या दुसऱ्याची घोडी भाड्याने आणून पुऱ्या केल्या; हाती काय उरले ते त्यांनी सांगितले नाही, मी विचारले नाही. नालबंद दर महिन्याला येऊन खुरे तासून जाई. माघात घोडी कडुनिंबाभोवती एक फेरी आपल्या आपण चालली. त्या दिवशी मी कुठलेही कोडे म्हटले नाही.

फाल्गुनात आमच्याच गल्लीतले लग्न निघाले. नवरदेव अंगाने बेताचा होता, हे चाचांनी आधी खात्री करून घेतले. देवळाच्या दारात वरमाई ताट घेऊन पुढे आली. ताटात कुंकू, अक्षता आणि घोडीसाठी गुळाचा मोठा खडा. सगळे बघत होते, बँड थांबला होता. घोडीचे कान पुढे झाले. चाचांनी अदबीने खडा उचलला, कपाळाला लावला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. घोडी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.