सुकतीला जातो कुठे?

माझा भाचा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत तो आमच्याकडे आला, तो एक जाडजूड वही काखोटीला मारूनच. जेवणे आटोपल्यावर ती माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "मामा, तुमची मदत हवी. नावं हवीत."

तो आणि त्याचे तिघे मित्र मिळून एक खेळ रचीत आहेत. खेळणाऱ्याने एका कल्पित प्रदेशातून प्रवास करावयाचा. वाटेत अरण्ये, डोंगर, ओसाड नगरे लागावयाची. कामाची वाटणी झाली तेव्हा दलदल भाच्याच्या वाट्याला आली. तिच्यातले पंधरा प्राणी आणि दहा वनस्पती त्याने चितारल्या होत्या, नावे मात्र सुचत नव्हती. मराठीचा एम. ए. झालेला मामा घरात असताना नावांसाठी अडून कशाला बसावयाचे, असा त्याचा सरळ हिशेब. मीही भुललो. अर्ध्या तासात पंकासुर, कर्दमिका, शैवालकेश, जलपाशा अशी नावांची रास घातली. भाचा खूश झाला. खरे सांगावयाचे तर, मी त्याहून अधिक खूश झालो.

रात्री झोप येईना म्हणून वही पुन्हा चाळली. तीन तोंडांची मगर होती, माणूस गिळणारी वेल होती, डोळ्यांतून ठिणग्या सोडणारा बेडूक होता. हात चांगला वळलेला. पण ही मंडळी दलदलीतून उचलून वाळवंटात नेऊन सोडली असती तरी त्यांतल्या एकाचेही काही अडले नसते. माझ्या नावांचीही तीच गत. ती कोशातून आली होती, चिखलातून नव्हे.

या जातीच्या खेळांचा मूळपुरुष म्हणजे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांचा १९७४ सालचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. त्यातले काही गाजलेले राक्षस हाँगकाँगच्या स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यांवरून सुचलेले आहेत, हे भाच्याकडूनच कळले. कोणता प्राणी हे ओळखूही येऊ नये अशी ती खेळणी. त्यांतल्या एकाला त्यांनी लोखंडावर गंज चढवून तो गंज खाणारा जीव केले. आकार बाजारातून आला होता. आहार ठरला आणि त्याला जीव आला. मला ही गोष्ट फार मार्मिक वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. मी भाच्याला आमच्या खाजणावर घेऊन गेलो. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : खाडीच्या भरतीचे पाणी बांध घालून अडवायचे आणि आतल्या खारवट जमिनीत भात पिकवायचे, ही खाजणाची शेकडो वर्षांची पद्धत. बांधाला एक दार असते, त्याला मानस म्हणतात. भरतीचा रेटा आला की त्याच्या फळ्या आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या भाराने उघडतात. आमच्या वाट्याच्या तुकड्यात शेवटचे कोरगुट पिकले ते वडिलांच्या हयातीत. पुढे बांध फुटला, वाटेकरी अनेक असल्यामुळे तो कोणीच बांधला नाही, आणि आता तिथे तिवरांचे राज्य आहे.

शेजारचे खाजण अजून नांदते आहे. त्याच्या मानशीवर एक वृद्ध गृहस्थ जाळे झाडीत बसले होते. भाच्याने उत्साहाने त्यांना वही दाखविली. तीन तोंडांच्या मगरीकडे ते बराच वेळ पाहत राहिले. मग अगदी गंभीरपणे विचारते झाले, "हो खाता कितें? आनी सुकतेक वता खंय?"

हा खातो काय, आणि ओहोटीला जातो कुठे? भाचा निरुत्तर. मीही.

त्यानंतर आम्ही दोन तास चिखलाच्या कडेला बसलो. समोर निवट्या उड्या मारीत होत्या. निवटी हा मासा. पण पाणी ओसरले तरी हा चिखलावरच राहतो, छातीच्या परांवर रेटा देत चालतो, आणि कल्ल्यांच्या पिशवीत पाणी धरून ओल्या त्वचेतून व तोंडाच्या आतल्या अस्तरातून श्वास घेतो. डोळे डोक्याच्या माथ्यावर. ते कोरडे पडू लागले की खोबणीत ओढून घ्यायचे, ओले करायचे, पुन्हा बाहेर काढायचे. जपानच्या किनाऱ्यावरच्या एका जातीचा नर तर तोंडात हवा भरून आपल्या बिळात नेऊन सोडतो, कारण अंडी असतात चिखलाखालच्या दालनात, आणि तिथल्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. घरट्यात काड्या नेणारे पक्षी आपण पाहतो. इथे बाप घासाघासाने हवा नेतो आहे. माझ्या पंकासुराला हे सुचले नसते.

वनस्पतींचेही तेच. गाळात हवा नाही म्हणून तिवराची मुळे पेन्सिली रोवल्यासारखी जमिनीतून वर येऊन श्वास घेतात. अंगात शिरलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकले जाते. पान चाटून पाहा, भाचा म्हणाला तसे "शेंगदाण्यासारखं खारट" लागते. कांदळाचे बीज तर आईच्या अंगावरच रुजते आणि लांब शेंगेसारखे रोप होऊन खाली पडते. माणूस गिळणारी वेल याच्यापुढे मला अगदीच बिनकामाची वाटू लागली. आमच्या सड्यावर पावसाळ्यात फुलणारी सीतेची आसवे घ्या. निळी, नाजूक, नावही किती करुण. आणि मातीत पसरलेल्या इवल्या फुग्यांनी सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात सूक्ष्म जीव शोषून घेणारी.

येताना भाच्याने मला एक हकिगत सांगितली. 'पोकेमॉन' हा जगभर गाजलेला खेळ १९९६ साली जपानात निघाला. त्याचा जनक सातोशी ताजिरी टोकिओजवळच्या माचिदा येथे वाढला. लहानपणी तळ्या-शेतांतून किडे गोळा करीत हिंडणे हा त्याचा छंद. पुढे ती तळी बुजली आणि वर इमारती उभ्या राहिल्या. त्याच्या खेळात पोटावर चक्र असलेला एक जलचर आहे. ते चक्र म्हणजे बेडकाच्या पिल्लाच्या पातळ कातडीतून दिसणारे आतड्याचे वेटोळे. लहानपणी पाहिले होते, ते तिथे उतरले.

हे ऐकून मी गप्प झालो. कारण माझ्या शाळेच्या मागे खाडी आहे, आणि "चिखलात उतरू नये" ही सूचना मी स्वतःच्या अक्षरात लिहून व्हरांड्यात लावलेली आहे. पालकांच्या तक्रारी येतात, कपडे मळतात, पाय कापतात. मुख्याध्यापकाला हे सारे पाहावे लागते. ती सूचना अजून तिथेच आहे.

आपल्याकडे दलदलीतले प्राणी घडविण्याची रीत नाही, असे मात्र कोणी समजू नये. फोंडा तालुक्यातील बोरी गावी पौष अमावस्येला खाजणातल्याच चिखलाची मगर करतात. तिला म्हणतात मानगें. काटक्यांचे दात, शिंपल्यांचे खवले, आणि मग पूजा. मगरीने शेतात राबणाऱ्यांना सांभाळावे ही त्यामागची भावना. करणाऱ्यांना खरी मगर ठाऊक असते. ती काय खाते आणि सुकतीला कुठे जाते, हे त्यांना विचारावे लागत नाही.

भाचा परत गेला. पंधरा दिवसांनी नव्या पानांची छायाचित्रे फोनवर आली. मगरीची दोन तोंडे गेली होती. एक नवा जीव होता, तोंडात हवा वाहून नेणारा. खेळणाऱ्याने त्याच्या बिळावर पाय दिला की आतली अंडी बुडतात आणि सारी दलदल त्याच्यावर उलटते. माझ्या नावांपैकी एकही उरले नव्हते, याचे वाईट वाटले नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल.

खाली एक प्रश्न होता : "मामा, तिवराच्या मुळांना चिकटलेली ती काळी, टोकदार शंखाची गोगलगाय, तिला आपल्यात काय म्हणतात?"

त्या खाजणाच्या काठी मी लहानाचा मोठा झालो. मला ठाऊक नाही. रविवारी सकाळी ओहोटी आहे. मानशीवर जाऊन विचारणार आहे.